पाणपोईवरचं नाव

"ये इलान है." पालिकेच्या माणसाने कूलरवर बोट टेकवलं. "दुकान का इलान. नए फुटपाथ पे इलान मना."

अशरफ पारकरला आधी वाटलं, माणूस थट्टा करतोय, पाण्याच्या कूलरला जाहिरात म्हणतोय.

आखातातल्या अबू हलीफाच्या त्या गल्लीत फुटपाथ व्हावा म्हणून सगळ्या दुकानदारांत जास्त चपला अशरफनेच झिजवल्या होत्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे दापोलीला खरं आणि इथेही खरं. पण यंदा पालिकेने हात सैल सोडला. लाल फरशा आल्या, बाकं आली, खजुराची झाडंसुद्धा आली. आणि त्यांच्यामागोमाग हा टापटीप माणूस आला, फरशांवर काय चालेल आणि काय नाही ते सांगायला.

"इलान नहीं, साहब. सबील है," अशरफ म्हणाला. "मेरे बेटे के नाम की. वो गुजर गया."

माणसाचा चेहरा मवाळ झाला. कूलरवर तळवा ठेवून तो हलकेच काही पुटपुटला. मेलेल्याच्या नावाने रस्त्यावर थंड पाणी ठेवायचं आणि पिणाऱ्याने त्या नावासाठी दुवा मागायची, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्याच्याच मुलखाची रीत ती. मग त्याने मान वर करून दुकानाची पाटी वाचली. वर 'अरबाज टेलरिंग', खाली कूलरवर 'अरबाज'. तीच हिरवी अक्षरं, तेच वळण आणि तोच फोन नंबर.

"और ये?" त्याचं बोट नंबरावर आलं. "ये भी बेटे का है?"



पोरगा गेल्यावर घरात अजून माणसं भेटायला येत होती, तेव्हाची गोष्ट. स्टिकर करणाऱ्याने विचारलं होतं, पाटीवरचंच सगळं टाकू का, नंबर पण टाकू का. अशरफमधल्या बापाने काही म्हणायच्या आत त्याच्यातला दुकानदार बोलून गेला होता, टाक. सवाबाचा सवाब, पुण्याचं पुण्य, त्यात चार गिऱ्हाईकं आली तर बिघडलं कुठे? दुःखातसुद्धा माणसाचा धंदा सुटत नाही. त्यात वाईट असं काही नाही. पण आज त्या परक्या बोटाखाली ते फार वाईट दिसत होतं. अशरफला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पानी रहने दो. अच्छा काम है," माणूस म्हणाला. "नाम निकालो. नहीं तो शाम को गाड़ी आएगी, कूलर ले जाएगी."

त्याची बायको असमा दुकानातून बाहेर आली. अबायाची पट्टी तशीच तिच्या हातात होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"सिर्फ नंबर निकालें तो?"

माणसाने पुन्हा पाटीकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. वर दुकानाला हे नाव असेतो खाली ते जाहिरातच. दोन्हींतलं कुठलं ठेवायचं ते तुम्ही ठरवा, म्हणाला, आणि शेजारच्या सलूनसमोरची खुर्ची आत घ्यायला सांगायला गेला.

"मग पाटी बदला," असमा म्हणाली.

"खुळी झालीस काय? लायसन त्या नावावर हाय. मंगफहून बाया येतात त्या विचारत येतात, अरबाज कुठं हाय म्हणून. पाटी उतरवून खायचं काय? पोरीची, सनाची फी कोण भरंल?"

त्याचं खोटं नव्हतं. असमाने पट्टीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"पाणी कुणाचं होतं मग?" तिने विचारलं. "त्याचं का दुकानाचं?"

उत्तराची वाट न बघता ती आत गेली आणि शिवण उसवायचं ब्लेड आणून तिने त्याच्या हातावर ठेवलं.

अशरफ फरशीवर उकिडवा बसला. आधी नंबर काढला. तो झरझर निघाला. नावाला मात्र हात लागेना. पोराला मातीत ठेवताना सोबत चार माणसं होती, हे तर एकट्यानेच करायचं होतं. अक्षराची कड नखाने उचलायची, ओढायची, उरलेलं खरवडायचं. त्याच्या डोळ्यांना धार लागली, पण उन्हात घामाने भिजलेल्या माणसाचं रडणं कोणाच्या लक्षात येत नाही. शेवटी कूलर नुसता स्टीलचा कूलर उरला.

फुटपाथाच्या टोकाला उरलेल्या फरशा रचणारा मजूर पाणी प्यायला आला. ओंजळीने तोंडावर पाणी मारलं, पोटभर प्यायला, बाटली भरून घेतली. मग कूलरच्या सगळ्या बाजू बघितल्या.

"चाचा, किसके नाम की है? दुवा किसके लिए करूँ?"

आजवर हा प्रश्न अशरफला कोणी विचारलाच नव्हता. विचारायची वेळच आली नव्हती, अक्षरं होती ना. तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. फोन उचलून दिवसभर जे म्हणायचं, तेच सवयीने त्याच्या तोंडून निघालं.

"अरबाज टेलरिंग."

मजुराने वर पाटीकडे पाहिलं, मग अशरफकडे. त्याला काही कळेना.

आत मशीन थांबलं.

"नुसतं अरबाज म्हणा," असमा म्हणाली.