विसण

न्हाणीत पाय पसरून अनसूयाबाई पाटावर बसल्या. दवाखान्यातून आलेल्या नातीचं हे घरातलं पहिलं न्हाणं. घंगाळातल्या पाण्यात त्यांनी सवयीनं हात घातला, पण हाताला काही कळेना. ऊन आहे की कढत? सकाळी चहाचं पातेलं असंच नुसत्या हातानं उचललं, ते तापलेलं होतं हे बोटाला फोड आल्यावर समजलं होतं.

"घाल की गं विसण, पोर गारठली," बाळाला छातीशी धरून लेक म्हणाली.

गल्लीतली निम्मी पोरं याच पायांवर न्हालेली. आता खरं सांगितलं, तर सख्खी नात पायांवर यायची नाही.

"आधी आईनं कोपर बुडवून बघायचं," त्या म्हणाल्या. "रीत आहे आपली."

"ही कुठली नवी?" लेकीनं हसत कोपर बुडवलं आणि झटक्यानं काढलं. "अगं आई, केवढं कढत!"

तिची नजर त्या फोडावर थांबली. ती विसणाचं गार पाणी घालत, कोपरानं बघत राहिली. मग बाळ अलगद त्यांच्या पायांवर ठेवलं.

"ही रीत रोजची ना गं?"

"रोजची," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि लेकीनं भरून दिलेल्या तांब्यातलं पाणी त्यांनी हळूच बाळाच्या पावलांवर सोडलं.