कडुनिंबाचा ढोल

लातूर जिल्हा झाला त्या दुष्काळी साली आमच्या विहिरीकाठचा वाळलेला कडुनिंब मी गफूरभाईंना दिला. नव्या जिल्ह्याच्या मिरवणुकीसाठी त्यांनी त्याचा ढोल कोरला.

"फळ्या जोडल्या की आवाज तुटतो, गुरुजी. ह्यो एकाच खोडाचा हाय," म्हणत त्यांनी थाप दिली.

घुमारा विरला आणि खोलवरून दुसरी थाप आली. तोवर मी तीन मोजले होते. विहिरीत टाकलेला खडा तळाला लागायला तेवढाच वेळ लागायचा.

दुसऱ्या दिवशी पाच मोजले, तिसऱ्या दिवशी नऊ.

"तुमी पुस्तकाची पानंच मोजा," गफूरभाई हसले.

माझा मुलगा सिद्धलिंग पाण्यासाठी रोज विहिरीत उतरून तळ खोदत होता. त्याला अडवावं वाटे. पण माझ्या कानांवर माझाच भरवसा नव्हता.

चौथ्या दिवशी ढोल विहिरीवर आणवला. दोराचा वेढा कडुनिंबाच्या उरलेल्या बुंध्याला देऊन मी सिद्धलिंगला खाली सोडत होतो. गफूरभाईंनी थाप दिली. मी शंभर मोजले. उत्तर आलं नाही.

"सिद्धलिंग, वर ये!"

विहीर तीस हात खोल. साठ हात दोराचं टोक माझ्या मुठीत आलं होतं.

"अप्पा, पाय टेकंना," खालून तो हसत म्हणाला. "अजून सोडा की."