बाबांचा टोकमा

चढावर टोपलं खाली ठेवायचं नसतं. ठेवलं की पुन्हा पाठीवर घेववत नाही. म्हणून आम्ही हमाल टोपल्याखाली टोकमा लावून उभ्यानंच दम खातो. ही आखूड काठी ज्याच्या त्याच्या मापाची असते. माझ्याकडे बाबांचा टोकमा होता. गेल्या हिवाळ्यात खिंडीतल्या बर्फानं त्यांना नेलं. काठी तेवढी सापडली. “चार बोटं काप गं! बाप ताडमाड, तू टीचभर,” सोबतचे हर्केकाका टोचायचे. मी ऐकलं नाही. दगडावर चढून टोपलं टेकवायचे. आज त्याच खिंडीत सगळे दगड बर्फाखाली होते. मी टोपल्यासकट खाली बसायला लागले. “बसलीस तर उठायची नाहीस! आण इकडे, खुकरीनं छाटतो,” काका ओरडले. मी मागे बर्फात टोकमा रोवला. तो रुतत गेला, रुतत गेला आणि थांबला. टोपलं अलगद टेकलं. काकांनी खुकरी म्यानात सारली. “बाप वाकला बघ तुझ्यासाठी.”