चौथा गोल

“तीन गोल? उत्तरात चार आहेत. शून्य मार्क.” सरांनी उत्तरपत्रिका टेबलावरून अशी भिरकावली की ती थेट तिच्या मांडीत येऊन पडली.

फेरतपासणीचा दिवस होता. या विषयात ती दोनदा नापास झाली होती आणि ही तिसरी संधी शेवटची. आज मार्क वाढले नाहीत तर पटावरून नाव कमी, चार वर्षांची मेहनत पाण्यात. घोडं अडलं होतं एकाच प्रश्नावर. शून्य आणि एक या आकड्यांची ओळ वाचणारं यंत्र काढायचं होतं. ओळीच्या शेवटी शून्य आणि मग एक आला तर यंत्राने हो म्हणायचं, नाहीतर नाही. यंत्र म्हणजे तरी काय, कागदावरचे गोल आणि बाण. एकेक आकडा वाचायचा आणि बाणावरून पुढच्या गोलात जायचं.

सरांची तपासायची रीत सगळ्या कॉलेजला ठाऊक होती. ते बाणांच्या वाटेला जातच नसत. गोल मोजत. चार असले तर पास.

“वर्गात फळ्यावर चार काढले तेव्हा झोपली होतीस का?”

“जागी होते. म्हणूनच तीन काढले.”

कोपऱ्यात विभागप्रमुख बाई कागदांवर सह्या करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्याकडून तिला आशाही नव्हती. बाई सरांच्याच हाताखाली शिकलेल्या, म्हणजे एकाच माळेचे मणी.

“सर, एक ओळ सांगा,” ती म्हणाली. “तुमचं यंत्र हो म्हणेल आणि माझं नाही, अशी एकच. मी आत्ता उठून जाते.”

सर हसले आणि कागद ओढून लिहायला बसले. पहिल्या ओळीला दोन्ही यंत्रं हो म्हणाली. दुसरीला दोन्ही नाही. आठव्या ओळीपर्यंत सरांचे कान लाल झाले होते. बारावी त्यांनी अर्ध्यातच खोडली.

“तुमचे हे दोन गोल बघा,” तिने बोट ठेवलं. “दोन्ही ‘नाही’ म्हणणारे. दोन्हींतून शून्याने इथेच जायचं, एकाने तिथेच. एकच गोल दोनदा काढलाय.”

“एकात यंत्राने अजून काहीच वाचलेलं नाही. दुसऱ्यात एक वाचलाय. सारखे कसे?”

“त्याचं यंत्राला काय? माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्ट कुठून आली त्याच्याशी तिला घेणंदेणं नसतं. आत्ता कुठे आहे आणि कुठलं बटण दाबलं, बस्स.”

“मग पदवीही बाबांकडूनच घे!” सर कडाडले. “बावीस वर्षं हेच उत्तर आहे. काल आलेली पोर मला शिकवणार? शून्य म्हणजे शून्य!”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं. समोरचा माणूस चूक आहे, ते त्याला कळलंय, आणि तरीही तोच आपल्याला बुडवणार, या विचाराने तिच्या अंगाची लाही लाही झाली. ती उत्तरपत्रिका गोळा करून उठली.

“आण इकडे,” बाई म्हणाल्या.

त्यांनी सरांपुढचं लाल पेन न विचारता उचललं. शून्यावर काट मारली, पूर्ण मार्क दिले आणि खाली ठसठशीत सही केली. तिला वाटलं, आपल्याला नीट दिसत नाहीये.

“तू?” सर अर्धवट उठले. “माझ्या हाताखालून पास झालीस, याच विषयात! आणि आज माझ्यावरच उलटतेस?”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

“तीन गोल काढून दोनदा नापास झाले होते, सर. तिसऱ्या वेळी मुकाट्याने चौथा काढला, तेव्हा पास झाले.”