आल्याचा तुकडा

लग्नानंतर पहिल्यांदाच सासूनं, रुखमाबाईनं, साधनाच्या पाठीवरून हात फिरवला. साधना न्हाणीत ओकत होती. आदल्या दिवशी तिनं कपाशीवर फवारायचं विष ड्रममध्ये कालवलं होतं; ढवळायची काडी मोडली तेव्हा सरळ हातानं. पण रुखमाबाईच्या डोक्यात नातवाशिवाय दुसरं काही येईना. कालपर्यंत "वांझोटी" म्हणून हाक मारणारी ती मीठ लावलेला आल्याचा तुकडा घेऊन आली. "चघळ पोरी, मळमळ जाते. रोशनच्या टायमाले मले बी असंच होये." मग रोज पहाटे आलं, उठायच्या आधी अंथरुणातच कोरडे मुरमुरे, वर लिंबाचं सरबत. नवरा, रोशन, म्हणाला, "तू वावरात नको येऊ आता." घरी राहिल्यावर साधनाच्या ओकाऱ्या थांबल्या. पाठोपाठ पाळी आली. तिनं कापड गोठ्यामागं लपून धुतलं आणि तिथंच वाळवलं. त्या सकाळी रुखमाबाई आलं घेऊन दारात उभी होती. "काहून वं, आज ओकली नाई तू?" तिचा आवाज पुन्हा जुना झाला होता. आल्याचा तुकडा तिनं मुठीत दाबून धरला. "उद्या होईल नं, आई," साधना म्हणाली. दुपारी ती रोशनची भाकर घेऊन वावरात गेली. तो पाठीवर पंप घेऊन कपाशीच्या दूरच्या तासात होता. ड्रमला नवी काडी टेकवून ठेवली होती. साधनानं ती बाजूला केली, बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीतून ओकण्याचा आवाज आला, तशी रुखमाबाई हसत आलं सोलायला बसली.