चेटकीण हवी आहे

"काळी टोपी घाला, झाडू हातात आहेच. तुम्हाला मेकअपसुद्धा लागायचा नाही," मुख्याध्यापिका मॅडम हसून म्हणाल्या. बालवर्गाच्या हॅलोवीनला एक चेटकीण कमी पडत होती आणि पालक फोटोसाठी ताटकळले होते.

मुलांचं सगळं करणाऱ्या जमनामावशींनी टोपीला हात लावला नाही. "भूत करा मला, पण हे नको. पाड्यावर माझ्या आईला डाकीण ठरवून हाकललं. शेजारचं पोर तापानं गेलं म्हणून."

मी इथली नवी शिक्षिका, जीवशास्त्राची पदवीधर. न राहवून विचारलं, "ताप कसला, ते कुणी तपासलं नाही?"

"तपासलं ना. भगतानं."

"ते पाड्यावर, मावशी. इथे सगळे शिकलेले आहेत," म्हणत मॅडमनी टोपी त्यांच्या डोक्यावर दाबून बसवली. मुलं ओरडू लागली, "मावशी चेटकीण, मावशी चेटकीण." पालकांनी टाळ्यांचा ठेका धरला.

मी ती टोपी ओढून काढली आणि सगळ्यांसमोर टराटरा फाडली. टाळ्या थांबल्या.

"उद्यापासून दोघीही येऊ नका," मॅडम दात आवळून म्हणाल्या.

तेवढ्यात सांगाड्याच्या कपड्यांतली एक चिमुरडी मावशींचा पदर ओढू लागली. "मावशी, शी झाली."

मावशी सवयीने वाकल्या, मग थांबल्या. तिचा हात त्यांनी मॅडमच्या हातात दिला.

"उद्यापासून कशाला, मॅडम? आत्तापासूनच."