चोवीस जोड्या

आजचा डाव जिंकला तर खणमास्तरांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: स्वतःचं घर, स्वतःच्या दाराची किल्ली आणि वाटेल तेव्हा उठून आपला चहा आपण करून घेण्याची मुभा. हरले, तर खिशातली डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन उद्या सकाळी तपासणीला जायचं. बारा रविवार, बारा डाव. एक जरी हरलो तरी जायचं. हा करार त्यांनी स्वतःशीच केला होता, आणि स्वतःला सूट द्यायची त्यांना सवय नव्हती.

अकरा डाव जिंकून झाले होते.

बस डेपोतलं सुट्या भागांचं गोदाम त्यांनी छत्तीस वर्षं सांभाळलं. दिवे गेले तरी हात घालून हवा तो वॉशर काढून देत, म्हणून मेकॅनिक त्यांना खणमास्तर म्हणू लागले, आणि पुढे खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं. असा माणूस तीन महिन्यांपूर्वी बाजारातून दिव्याचा बल्ब घेऊन आला आणि ठेवायला म्हणून कपाट उघडलं, तर आत तसलेच चार. कोणी आणले, हे विचारायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

ते गुपचूप दवाखान्यात गेले.

"दुखणं लवकर हाती लागलं तर औषधांनी थोपवता येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकदा पुढे सरकलं की मागे आणता येत नाही. लगेच तपासून घ्या. आणि येताना मुलाला आणा."

शेवटचं वाक्य त्यांना टोचलं. खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडरला त्याच्या मुलीने असंच प्रेमाने नेलं होतं. आता तो तिच्या गॅलरीत बसून असतो, बिस्किट हवं असलं तरी विचारून खातो.

गोदामात एखाद्या मालाविषयी संशय आला की खणमास्तर आधी मोजणी करत, शेरा मागाहून मारत. इथेही त्यांनी तेच करायचं ठरवलं. दर रविवारी दुपारी मुलगा, सून आणि नात येत. त्यांच्यासाठी त्यांनी जोड्यांचा खेळ आणला. अठ्ठेचाळीस पत्ते पालथे मांडायचे, दोन उघडायचे, चित्रं जुळली तर उचलायचे, नाहीतर होते तिथे पुन्हा पालथे. नुसती आठवणीची परीक्षा. मध्यंतरी एका पत्त्याचा कोपरा दुमडला, पाठीवरून ओळखू येऊ लागला, तर त्यांनी नवा संच आणला. लबाडीच करायची तर मोजणी कशाला?

"तुमची पाळी झाली की सांगा, तोवर एक डुलकी काढतो," मुलगा म्हणाला.

"झालीच माझी." सुनेने घुबड उघडलं, मग जरा विचार करून दुसरा पत्ता उघडला. टोपी निघाली. "गेलं. माझ्या डोक्याची अगदी चाळण झालीये."

"चाळणीत कोंडा तरी राहतो."

"तुम्ही बोलूच नका. तीन जोड्या घेऊन बसलाय."

खणमास्तरांना दोघांची कीव आली. एवढी तरणी माणसं, पण फोनने डोकी पोखरलेली. घुबड मघाशीच कुठेतरी निघालं होतं, एवढं तर त्यांनाही आठवत होतं.

त्यांनी पत्ता उघडला. शंख.

दुसरा शंख कुठे? क्षणभर सगळं कोरं झालं. नात, म्हणजे भिंगरी, सतरंजीवर पालथी पडून पत्त्यांत हातपाय पसरून होती.

"हात आवर गं," सून म्हणाली. "पत्ते हलतील."

"राहू दे," खणमास्तर म्हणाले. "एका जागी बसली तर ती भिंगरी कसली."

एवढं बोलेपर्यंत त्यांचा हात एका पत्त्याकडे गेलाही होता. शंखच निघाला. गोदामातही असंच व्हायचं. डोकं पोचायच्या आधी हात खणापाशी पोचलेला असायचा.

डाव संपला तेव्हा त्यांच्यापुढे चौदा जोड्या होत्या. उरलेल्या दहा तिघांत मिळून.

"बाबा, रात्रभर पत्ते घोकत बसता की काय?" मुलाने विचारलं.

"घोकावं तुम्ही. आम्ही एकदा बघितलं की झालं."

मंडळी निघाली. दार लावून त्यांनी खिशातली चिठ्ठी काढली, चार तुकडे केले, मन भरलं नाही म्हणून आठ केले आणि केराच्या डब्यात टाकले. मग तीन महिन्यांत पहिल्यांदाच गुणगुणत त्यांनी गॅसवर आधण ठेवलं.

लिफ्ट हळूहळू खाली चालली होती.

"बघितलंस, कसे खुलले होते?" मुलगा म्हणाला. "यासाठी तर दर वेळी मुद्दाम हरतो मी. तू मात्र खरंच हरतेस हं."

"मी? अहो, घुबडाची जोडी मला तोंडपाठ होती."

दोघं हसली.

"काही असो," मुलगा म्हणाला, "आपण हरलो म्हणून चौदा जोड्या आपोआप उठत नाहीत. त्या त्यांच्या त्यांनीच शोधल्या. या वयात. मी उगाचच काळजी करत होतो."

"त्यांनी नाही शोधल्या," भिंगरी म्हणाली. "जोडी असते ना, त्या पत्त्याला मी बोट लावून ठेवते. मग ते तोच उचलतात. त्यांना कळतसुद्धा नाही."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. "कधीपासून हे?"

"पहिल्या रविवारपासून. तेव्हा दोनदाच ठेवावं लागलं होतं."

लिफ्ट थांबली. दार उघडलं तरी कोणी उतरलं नाही.

"आणि आज?" मुलाने विचारलं.

भिंगरीने बोटांवर हिशोब केला. एका हाताची पुरली नाहीत, दोन्ही हातांची पुरली नाहीत.

"तेरा वेळा," ती म्हणाली. "एक मात्र त्यांची त्यांना लागली."